आप्पा डावा, आप्पा उजवा

२ फेब्रुवारी, सोमवार
आले एकदाची सोलापुरात! शुक्रवार पेठेत वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीत भरपूर ऊन आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी. सहा महिने टिकले तर कायम. नाही टिकले तर बाबा करमाळ्याला परत नेऊन लग्न लावून देणार, असं ठरलंय. म्हणजे टिकायचंच. एसटीतून उतरतानाच माझा फोन पडून फुटला, तर घरमालकीण मल्लव्वामावशींनी गेलेल्या नवऱ्याचा फोन काढून दिला. दुरुस्ती होईपर्यंत वापर म्हणाल्या. वर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बाई दिलदार आहेत.

४ फेब्रुवारी
फोनच्या ब्लूटूथमध्ये दोन नावं आहेत: ‘आप्पा डावा’, ‘आप्पा उजवा’. मला हसूच फुटलं. मावशींच्या नवऱ्याची, गुरुबसप्पांची, कानातली ऐकायची यंत्रं ती. फोनवरच्या पट्टीनं आवाज कमी-जास्त करायचा, आणि फोनजवळ बोललेलं थेट त्यांच्या कानात. आता यंत्रं कुठायत विचारलं, तर मावशी म्हणाल्या, दिवाळीत गेले तवा कानातच ठेवून पुरलं की त्यास्नी, ऐकू आलं न्हाय तर तितं बी चिडतील. कुजबुजलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही म्हणे.

६ फेब्रुवारी
आईशी हळू आवाजात बोलत होते. मध्येच ‘आप्पा डावा’ जोडला गेला आणि पट्टी आपोआप टोकापर्यंत गेली. यंत्राची बॅटरी चार टक्के. खोटं कशाला लिहू, घाबरून फोनच बंद केला.

९ फेब्रुवारी
कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या शिवराजला विचारलं. त्याच्या मते ब्लूटूथ तीसेक फुटांपलीकडे जात नाही, आणि एकदा जोडलेलं यंत्र पुन्हा परवानगी मागत नाही. जुनी नावं काढून टाक म्हणाला. त्याच्यासमोरच काढली.
मग डबा उघडला. भाकरी मोडल्याचा कडकन आवाज झाला आणि पट्टी सरकली. दोन्ही कान जोडलेले, बॅटरी एकवीस. चिंचोळीत! तीस फुटांच्या आत मी, शिवराज आणि एक भिंत.

१० फेब्रुवारी
माझा फोन दुरुस्त झाला. तो दुसरा बंद करून मावशींना दिला. त्यांनी तो आप्पांच्या खुर्चीवर ठेवला. सुटले.

१२ फेब्रुवारी
माझ्या फोनवर. माझ्या! दोन्ही नावं. मी कधी हो म्हटलंच नव्हतं. बॅटरी अठ्ठ्याऐंशी.
ब्लूटूथ बंद करते, ते चालू होतं. आईला सांगितलं तर बाबा येणार, नोकरी संपली. संपू दे. उद्या सांगते.

१३ फेब्रुवारी
आईला फोन लावला. ओरडून सांगितलं. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. माझा आवाज तिच्यापर्यंत जातच नाही. दुसरीकडे जातोय —

१४ फेब्रुवारी
शंभर टक्के.
बोलत नाही. हलत नाही. नुसती लिहितेय, तरी पट्टी वर चढतेय — पेनाचा आवाज. पेन्सिल घेतली. तरीही —
खाली मावशी कन्नडमध्ये बोलतायत. मोठमोठ्यानं, ऐकू कमी येणाऱ्याला सांगावं तसं. मध्ये माझं नाव —
गप्प झाल्या.
जिना वाजतोय.
पट्टी खाली येतेय. पायरीगणिक. आता शून्य. म्हणजे आप्पांना आता आवाज वाढवायची गरजच उर