तुतीच्या पाल्यावरची सही

चिक्कम्मा,

ड्रोन कंपनीच्या वकिलांनी बजावलंय, मावशीला माफीचं अक्षरही लिहायचं नाही, लिहिलं की जबाबदारी कबूल केल्यासारखं होतं. तरी लिहितेय.

मंगळवारी शेजारच्या टोमॅटोवर औषध मारणारं ड्रोन मीच उडवत होते. पाठीवर पंप घेऊन फवारणारे आधी बांधावरून हाक देतात, मग तू तुतीचा पाला आधीच कापून ठेवतेस. माझं काम दहा मिनिटांचं, हाक द्यायचं सुचलंच नाही. वारा तुझ्या तुतीकडे वळला, तरी मी थांबले नाही. तोच पाला तू रेशमाच्या अळ्यांना घातलास.

काल आले तर कोषावर आलेल्या सगळ्या अळ्या मरून पडलेल्या. तू दारातच म्हणालीस, "आत नको येऊस गं. परवा मी पाय न धुता अळ्यांच्या खोलीत गेले, त्यातूनच रोग शिरला, माझंच पाप."

ड्रोनचं तुला न सांगताच मी परतले. वकिलांना मात्र तुझं हे बोलणं सांगितलं. ते खुलले. म्हणाले, "हेच कागदावर घ्या, खाली मावशींची सही."

सही आणायला उद्या मलाच पाठवताहेत. तू न वाचताच करशील.

तुझ्याच हाताखाली वाढलेली,
नेत्रावती