दोन ओ

३ ऑक्टोबर
काराजिगाच गावी पोहोचलो. झकास जागा! मागे बर्फाचे डोंगर, पुढे पॉप्लरची रांग आणि मध्ये आमचे क्लबघर: नवे पत्रे, नव्या खिडक्या, साठ नव्या खुर्च्या. खेड्यांतल्या पडक्या इमारतींसाठीचा सरकारी निधी जिल्ह्यात प्रथम इथे आला आणि व्यवस्थापक नेमला मला. तांत्रिक शाळा दुसऱ्या वर्षी सोडलेला माणूस व्यवस्थापक! दारावर माझ्या नावाची पितळी पाटी आहे. जिल्हा कचेरीतल्या गाढवांनी तीही चुकीची कोरली. माझे नाव जोओमार्त. ओ लांबवून म्हणायचा, म्हणून दोनदा लिहायचा. पाटीवर एकच. बदलून घेईन.

६ ऑक्टोबर
गावप्रमुख आसानकुल बाइके, गावाचे थोरले दादा, तोंडावर मला मास्तर म्हणतात, पाठीमागे जिल्ह्याचं कोकरू. त्यांच्याच घरी, क्लबसमोरच्या खोलीत राहतो. क्लबच्या पोर्चवर नवा कर्णा बसवला. वायर मात्र अजून जिल्हा कचेरीतच आहे. म्हातारे दुपारी सोंगट्या खेळायला येतात आणि हजेरीवहीत सह्या करतात. काय त्या सह्या! कादिरआली एक आ गाळतो, शेजारच्या झुउरा आपा एक उ गाळतात. सत्तर-ऐंशी वर्षे जगून स्वतःचे नाव लिहिता येऊ नये!

१० ऑक्टोबर
गुरुवार. झुउरा आपांनी क्लबच्या अंगणात चूल मांडून कणकेचे बोरसोक तळले. तळणाचा वास खालच्यांना पोचायला हवा, म्हणाल्या. खालचे कोण, विचारले. तर म्हणे, हा क्लब बांधला तेव्हा पायाला कबरस्तानाच्या विटा वापरल्या, लेकरा. त्यांची नावं गेली, म्हणून ते आपली वाचतात. नाव बरोबर लिहिलं की हाक बरोबर लागते. तुझी पाटी चुकलीय तेच बरंय, तिला हात लावू नकोस. अडाणीपणाला इतके सुंदर निमित्त मी ऐकले नव्हते. बोरसोक उत्तम होते.

१४ ऑक्टोबर
कचेरीचे पत्र. वहीतली नावे ओळखपत्रांशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत. नाहीतर निधी परत आणि माझी नेमणूक रद्द. पत्रात स्वतःच्या तीन चुका. पण या वेळी ते बरोबर आहेत. घरी परतून भावांचे टोमणे ऐकण्यापेक्षा मी अख्खे गाव दुरुस्त करीन. आज दोघांची ओळखपत्रे मिळाली. लाल शाईने कादिरआलीला एक आ दिला, आपांना एक उ. पान कसे स्वच्छ दिसते! आपा मागे उभ्या होत्या. चहा तसाच ठेवून गेल्या.

१६ ऑक्टोबर
कादिरआली वारला. सकाळी क्लब उघडला तर पहिल्या रांगेत बसलेला, कोट घालून, टोपी नीट, जणू आता खेळ सुरू होणार. कुलूप रात्रभर बंद होते. किल्ली माझ्याकडे. सून सांगत होती, काल दुपारी आबा जेवता जेवता उठले, आलो आलो म्हणाले, कोट घातला आणि गेले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, मरणारच. पण गावाला कर्ण्याने हाक मारल्याचे ऐकू आले. वायर नसलेल्या कर्ण्याने! यांना निधी देण्याऐवजी शाळा द्यायला हवी होती.

१९ ऑक्टोबर
झुउरा आपा. दुसरी खुर्ची. कोट.
मी ऐकले. दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात. उ अगदी व्यवस्थित लांबवलेला, मी लिहिला तसा. आवाज कादिरआलीचा.
धावत जाऊन तो उ खोडला. कागद फाटला. उशीर झाला होता.

२० ऑक्टोबर
आसानकुल बाइकेंनी वही चुलीत घातली. मास्तर, तुझ्या शुद्धलेखनाने दोन घरं रिकामी केली, असे सर्वांसमोर म्हणाले. कचेरीला राजीनामा लिहिला. गाडी मंगळवारी, चारला. तोवर खोलीतच राहा आणि हाक आली तर तोंड उघडू नकोस, असेही म्हणाले. पाटीवर एकच ओ आहे. गाढवांचे उपकार.

२१ ऑक्टोबर
दोन वाजता कर्णा. जोमार्त.
एक ओ. पाटी वाचतो आहे. हसू आले — माझे नाव नाही ते. बसून राहिलो. पाय जागचे हलले नाहीत. मी सुटलो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळपासून हाका. जोमार्त. जोमार्त. एखाद्या अडाणी कारकुनासारखा —
चारपर्यंत फक्त गप्प बसायचे.

एक वाजला. दोनशे वेळा तरी. दर वेळी चूक. शाळेतही असेच हाक मारत, मुद्दाम, आणि सगळे हसत —

तीनला दहा कमी. कानांत बोळे. तरीही. इतके सोपे नाव, आणि —

राहवले नाही. खिडकी उघडून ओरडलो — लांब आहे रे गाढवा, दोन ओ, दोन!
थांबला.
कसली शांतता. गाडी येते आहे वाटते —
नाही. खुर्च्या सरकताहेत. साठच्या साठ —

आता बरोबर म्हणाल्या. आपांचा आवाज. किती सुरेख लांबवला —
कोट. कोट का घालतो आहे मी —
आलो, आपा, आ