तीन ठोके

१ मार्च १९४३
मिळालं एकदाचं सरकारी घर! केंटकीच्या डोंगरात आम्ही विहिरीवरून पाणी वाहिलं, इथे नळाला चक्क गरम पाणी. माझा नवरा एस्टिल तासभर नळ सोडतोय नि बंद करतोय. जहाजकारखान्यात आम्ही दोघंही वेल्डर. त्याला रात्रपाळी, मला दिवसपाळी. घर मात्र त्याच्या नावावर आहे. जोडघरातलं शेजारचं बिऱ्हाड रिकामं आहे.

५ मार्च
आज इथली रीत शिकले. जहाजाची टाकी बंद करताना शेवटचा पत्रा लावण्याआधी हातोडीचे तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. आतून तीन ठोके आले तर माणूस आत आहे.
घरी येऊन कॉफी ठेवली, तोच शेजारच्या भिंतीतून तीन ठोके आले. एस्टिल म्हणाला, पाइप वाजत असतील.

९ मार्च
समोरच्या घरातल्या ओलीटाने सांगितलं. शेजारी ड्यूई प्रुइट राहायचा. एका पाळीला टाकीत उतरला, तो परत आलाच नाही. मुकादम क्रँडल म्हणाला, पळून गेला. टाकीत उतरताना आपला नंबरचा बिल्ला बाहेरच्या फळीवर टांगायचा, म्हणजे आत कोण आहे ते कळतं; त्याचा बिल्लाही गायब. कामगार नाही तर घर नाही, म्हणून त्याच्या बायकोला दोन पोरांसकट दहा दिवसांत बाहेर काढलं. जहाज मात्र वेळेवर सुटलं. ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली.

११ मार्च
सगळ्यांसमोर क्रँडलला विचारलं, ड्यूईच्या टाकीवर ठोके दिले होते का? म्हणाला, "बाई, युद्ध चालू आहे. ठोके ऐकत बसलो तर जहाजं कधी सोडू?" हरामखोर. बाकीचे पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी निरोप आला: एस्टिलने आज रात्री चार नंबरच्या टाकीत काम करायचं.

१२ मार्च
एस्टिल आला नाही. क्रँडल म्हणतो, पळाला. बिल्ला नाही. दाढीचं सामान घरी, एकुलता कोट घरी, आणि म्हणे पळाला! घर सोडायची नोटीस तयारच होती.
ठोके आता आमच्या पलंगामागे. थांबतच नाहीत —

१३ मार्च, दुपार
बिल्ला टांगून चार नंबरमध्ये उतरले. एस्टिलला घेतल्याशिवाय वर जाणार नाही. हाका मारतेय —

वर पत्रा सरकवतायत. मी आतून तीन ठोके दिले. पुन्हा दिले. क्रँडलचा आवाज आला, "रिकामी आहे. लावा."

माझा बिल्ला त्यानेच —

मागून ठोके. तीन. एस्टिल, तूच ना? मग डावीकडून हे कोण