सुनंदाच्या खात्याची वाटणी

४ जानेवारी २०२६, रविवार
कडावचं घर सोडून शिळफाट्याच्या भाड्याच्या खोलीत आलो, आठवडा झाला. गॅस जोडला. बायकोच्या, सुनंदाच्या फोटोसाठी खिळा मारायचा आहे. भिंत ठिसूळ आहे म्हणून थांबलो. एकटं राहणं सोपं आहे. लोक उगाच घाबरवतात.
शेत, म्हैस, भांडी, सगळं धाकट्या भावाशी, मनोजशी एका सकाळी वाटून झालं. राहिलं ते सुनंदाच्या नावचं ऑनलाइन खातं. सिनेमे, गाणी, गोष्टी, सगळ्या घरासाठी तीच विकत घ्यायची. ते माझ्या फोनवर चालतं आणि कडावच्या टॅबवरही. वेगळं झालो तर पुरतं व्हावं. पुढच्या रविवारी मिटवतो.

७ जानेवारी
तिची एक गोष्ट अर्धी राहिली आहे. कुणा म्हातारीची, बरेच तास चालणारी, कानाने ऐकायची. भाकऱ्या करताना लावायची. खालची निळी रेघ अर्ध्याच्या जरा पुढे थांबली आहे. दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून तिथेच. कोणी चालू केली तर रेघ सरकेल. मी हात लावत नाही. झोपताना फक्त बघतो. सवय म्हणून. माझा त्यात जीव वगैरे नाही.

१० जानेवारी
योजना तयार. आमच्यात थोरला वाटे पाडतो, धाकटा आधी उचलतो. एका वाट्यात सगळे सिनेमे, मनोजच्या मारामाऱ्या, त्याच्या पोरीची, समिधाची गाणी, अभंग. दुसऱ्यात ती एक गोष्ट. मनोज पहिला वाटा उचलणार. यात लबाडी नाही. रीतच तशी आहे.

११ जानेवारी, रविवार
मनोज हसला. म्हणाला, काय रं दादा, एकीकडं अख्खा गाव आन एकीकडं एकटी म्हातारी? आणि म्हातारी उचलली.
मला वाटलं, मोठेपणा करतोय. म्हटलं, लाजू नको, पहिला घे. तर म्हणाला, लाजतोय कुटं, समिधा त्या गोष्टीला कोनाला हात लावू देत नाय. काकीनं तितं बोट ठेवलंय म्हनती.
त्याची बायको संजना आतून म्हणाली, दादा, त्या मारामाऱ्या घेऊन जा बाई एकदाच्या, माझे कान सुटतील. सगळे हसले. मीही.
मी 'ठीक' म्हटलं. चहा घेतला. आलो.

१२ जानेवारी
वाटणीवर मी खूश आहे. पण नीट पाहिलं तर खातं माझ्या बायकोचं, म्हणजे वारस मी. आधी ते माझ्या नावावर करून घेतो. समिधाला हवं तेव्हा इथे आणून ऐकवीन. पोरं काय, दोन महिन्यांत विसरतात. सातबाऱ्यावर वारस लावले तेव्हा पाहिलं आहे, कागद पुरे असले की काम अडत नाही.

१३ जानेवारी
कंपनीला मेल केली. सोबत मृत्यूचा दाखला जोडला. लोक पासवर्ड दाबून ठेवून गेलेल्या माणसाचं खातं वापरत राहतात. आपण खरं कळवलं.

१९ जानेवारी
उत्तर आलं. भाषा नम्र आहे. आमच्या दुःखात सहभागी आहेत. विकत घेतलेलं वारसाकडे जात नाही, म्हणून नियमानुसार खातं बंद केलं आहे.
फोनवर उघडून पाहिलं. असं खातं नाही म्हणतो. काहीतरी तांत्रिक असेल.

२१ जानेवारी
मनोजचा फोन. दादा, टॅबवर काय उगडत नाय, तुज्याकडं लागतंय काय? मी म्हटलं, रेंज नसेल. मागे समिधा रडत होती.

२५ जानेवारी, रविवार
कडावला जाऊन सांगितलं. मनोज उठून गोठ्यात गेला. संजनाने ताट वाढलं.
हरकत नाही, उपाय आहे. माझ्या नावाने नवीन खातं काढलं आणि तीच गोष्ट घेतली. सुनंदा थांबली ती जागा शोधायची, रेघ तिथे आणून ठेवायची. फरक कळणार नाही.
समिधाला विचारलं. ती काकीला चिकटून ऐकायची. म्हणाली, काका, तितं म्हातारी हंडा घेऊन विहिरीवर चालली होती. एवढं पुरे.

१ फेब्रुवारी, रविवार
अर्ध्यापासून ऐकत गेलो. सापडलं. म्हातारी, हंडा, विहीर. रेघ थांबवली. समिधाला फोन लावणार होतो. खात्रीसाठी जरा पुढे ऐकलं.
म्हातारी रोजच विहिरीवर जाते.