कोपनहेगनची तबकडी

१२ जाने. २००३, रवि.
मिस्सा सुटल्यावर ग्लोरिया म्हणाली, "पप्पा, तुमची रेकॉर्ड सापडली." ऑफिसच्या इंटरनेटवर. डेन्मार्कचा कुणी माणूस जुन्या जॅझच्या तबकड्या विकतो, त्याच्या यादीत बँडच्या नावावरून दिसली. पोरीने मागवलीसुद्धा! मी चर्चच्या पायरीवर नुसता बसलो. सत्तरचं दशक. बोटीच्या बँडात बास वाजवायचो, तो माणसाएवढा, जाड तारांचा. बोट दुरुस्तीला कोपनहेगनला थांबली, तिथल्या एका जॅझ बँडचा बासवाला आजारी, म्हणून मला नेलं. एका दुपारीत आख्खी रेकॉर्ड. दुसऱ्या दिवशी बोट सुटली. मी ती कधी ऐकलीच नाही.

६ फेब्रु., गुरु.
पार्सल आलं. कव्हरचा कोपरा दुमडलेला. मागे पाच नावं. बासपुढे त्या आजारी माणसाचं. कव्हर आधीच छापून ठेवलं असणार.
बायकोने, फिलूने दोनदा वाचलं. "तुमचं नाव कुठाय?" लग्न झाल्यापासून तिला हीच गोष्ट सांगत आलोय. जेवण गेलं नाही.

८ फेब्रु., शनि.
रेकॉर्ड प्लेअर एव्हरशाईन कॉलनीतल्या जोशीसरांकडे. "आणा की उद्या. पण पास्कल, बास काय, कुणीही वाजवला असेल हो." खरंय.

९ फेब्रु., रवि.

फिलू, ग्लोरिया, मी, तिघं गेलो. पहिली बाजू. बास माझाच, मला कळतं, पण दुसऱ्याला कसं पटवू? जोशीसर सभ्यपणे मान डोलवत होते. फिलू खिडकीबाहेर बघत.
दुसरी बाजू. खरखर. मग एक तरणा आवाज, "एक, दोन, तीन, चार!"
मराठीत!
साफ विसरलो होतो. ड्रमवाला म्हणाला होता, तुझ्या भाषेत मोज, मजा येईल.
फिलू ताडकन उभी. "यांचा आवाज! सर, यांचाच!" सरांनी सुई उचलून परत ठेवली. चार वेळा. फिलू हसता हसता रडायला लागली. "मी उगाच इतकी वर्षं..." म्हटलं, "ते राहू दे, आता बास ऐक." आणि काय वाजवलाय! स्वतःचा आहे म्हणून नाही, पण...

१३ फेब्रु., गुरु.
ग्लोरियाने मेल केला होता, त्या डेन्मार्कच्या माणसाचं उत्तर आलं. रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही, आता तो तिची सीडी काढतोय. ते शब्द कुठल्या भाषेतले, हे तिकडे कुणालाच उलगडलं नव्हतं म्हणे! कव्हरवरच्या नावाचं मात्र त्या बासवाल्याच्या घरच्यांना विचारून ठरवणार.
फिलूने गावभर केलंय. पापडी गावच्या बाजारात तिघांनी थांबवून हात मिळवला. भाजी घ्यायची राहिली.

२ मार्च, रवि.
डेन्मार्कहून काही नाही. ग्लो. रोज बघते.
चर्चच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून राहिलेला माझा बास उतरवला, नव्या तारा चढवल्या. फिलू समोर खुर्ची टाकून बसली. "वाजवा ना." दोन तास वाजवला. बोटांना फोड आलेत. झकास दुखतंय.