अमाईनचा वास

३ मार्च, सोमवार

अमाईन सुरू. दरवर्षी तोच धडा, दरवर्षी तीच चूक! अमोनियातला एक हायड्रोजन काढून तिथे कार्बनचा गट लावला की प्राथमिक अमाईन, दोन काढले की द्वितीयक, तिन्ही काढले की तृतीयक. इतकं सरळ. तरी मुलं अल्कोहोलच्या धड्यासारखी इथेही कार्बनकडेच बघत बसतात. "अरे, नायट्रोजनला किती जण चिकटलेत ते मोजा!" ओरडून घसा बसला.

६ मार्च, गुरुवार

प्रात्यक्षिक. बाटली उघडली की नासक्या माशाचा वास. मला येतच नाही आता, नाक केव्हाच मेलंय. घरी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ताट सरकवलं. "तुझ्या हाताचा वास उतरतो गं सगळ्यात. सून आणली की माशांची टोपली!" हसल्या. पण जेवल्या नाहीत.

९ मार्च, रविवार

व्हिनेगर! नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनची एक जोडी रिकामटेकडी असते. आम्ल भेटलं की त्यातला हायड्रोजन पकडते, क्षार बनतो, वास जातो. पुस्तकात तरी जातो. हात धुतले, ओढणी भिजवली, केससुद्धा. मुरत घातल्यासारखी दिसतेय मी.

आई तरीही म्हणतात, तोंडात माशाचीच चव येते. अर्धी वाटी सूप, बस.

१२ मार्च, बुधवार

आज आईंना उलटी झाली. पायही सुजलेत. नवरा म्हणाला, "वय झालं तिचं. त्यात तुझा तो वास. सोड की ती प्रयोगशाळा!"

मलाही पटलं. विभागप्रमुखांना सांगून आले — सुट्टीनंतर प्रात्यक्षिकं दुसऱ्या कुणाला द्या. एवढं आवडीचं काम, एका वाक्यात देऊन टाकलं. राग आलाय, कुणावर ते कळत नाही. भांडायचं त्राणही नाही.

१३ मार्च, गुरुवार

आई आजही उपाशी. मी दमले.

२१ मार्च, शुक्रवार

सुट्टी लागून आठवडा झाला. बाटलीला हात नाही. आणि सकाळी चहाचा वास आला — नाक परत आलं! वेडी झाले आनंदाने.

मग आईंची वेणी घालायला बसले. त्या मागे वळून काहीतरी म्हणाल्या, आणि तोच वास. माझे हात हुंगले — नुसता साबण. पुन्हा जवळ वाकले. आईंच्या श्वासाला येत होता.

मूत्रपिंडं थकली की रक्तात हेच साठतात. डायमिथाइलअमाईन, ट्रायमिथाइलअमाईन. एक द्वितीयक, एक तृतीयक. हे मी वर्गात सांगते! दरवर्षी! काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुपारीच त्यांना घेऊन दवाखाना गाठला.

२२ मार्च, शनिवार

दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." मी तोंड उघडणार, तोच आईंनी माझा हात धरला. "माझी सून केमिस्ट्री शिकवते," त्या डॉक्टरांना सांगत होत्या, "म्हणून तर ओळखलं तिने!"