ती तारीख सोयीची नाही

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर समज. सहावा महिना आहे, खरोखर वाकले तर उठवायला माणसं बोलवावी लागतील.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला? माझी तब्येत उत्तम, भूक त्याहून उत्तम. उमेदवारीचं काय झालं ते सांगायलाच बसले आहे.

वकीलसाहेबांच्या हाताखाली उमेदवारी पूर्ण केल्याशिवाय मला वकील होता येणार नाही, हे तुला सांगायला नकोच. बाळंतपणाची रजा घेतली की उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून, असं कॅन्टीनमध्ये सगळे छातीठोकपणे सांगत होते. (नियम एकानेही वाचलेला नव्हता. वकीलच ते!) माझं तर धाबं दणाणलं. म्हटलं, तोंडातून ब्र काढायचा नाही. तू दिलेला जुना काळा गाऊन चांगला घेरदार आहे, तो मी ऑफिसातसुद्धा अंगावरून उतरवेना. झालं उलटंच! साहेबांना वाटलं, पोरीला कोर्टाची भारी हौस. दुसऱ्या कोर्टात अडकले की पुढची तारीख मागायला मलाच पाठवायचे. जिने चढून चढून माझा जीव मेटाकुटीला आला.

परवा असाच एक खटला होता. दोन शेजारी आणि मधली एक भिंत. (भिंत कधीच पडली, भांडण अजून भक्कम उभं आहे.) समोर ‘हरकतवाले’, म्हणजे ते जाडजूड वकील, जे प्रत्येक गोष्टीला हरकत घेतात. न्यायाधीशांनी डायरी चाळून तारीख दिली. नेमकी डॉक्टरांनी दिलेली तीच! आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ती तारीख सोयीची नाही, त्या दिवशी मी बाळंत होणार आहे.” तेवढ्यात हरकतवाले सवयीने ताडकन उठले, “आमची सक्त हरकत आहे!” न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, “कशाला?” बिचाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, गाऊनकडे बघितलं आणि घाम पुसत खाली बसले. मग जो हशा पिकला म्हणतेस! आणि मागे दारात उभे कोण? आमचे साहेब.

बाहेर येऊन मी गाऊनच्या बाहीत तोंड खुपसून रडले गं. वाटलं, संपलं सगळं. साहेब म्हणाले, “आयुष्यभर तारखा मागतोय. अशील आजारी, फाइल सापडत नाही, काय काय सांगितलं. इतकं खरं कारण मला एकदाही मिळालं नाही!” मग ऑफिसात नेऊन नियमांचं पुस्तक समोर ठेवलं. रजा घेतली की उमेदवारी थांबते, पुसली जात नाही. परत यायचं आणि राहिलेले महिने पुरे करायचे, बस्स. मग टायपिस्टबाई म्हणाल्या, “ती उशी तुझ्या खुर्चीवर मी काय उगाच ठेवली होती?” म्हणजे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, साहेब सोडून. आता कसं मोकळं मोकळं वाटतंय.

काकांना नमस्कार. दादाला म्हणावं, मामा व्हायच्या तयारीला लाग.

तुझीच,
भाची

ता. क. गाऊन थोडा सैल करून घ्यायला शिंप्याकडे नेला. तो म्हणाला, बाजूच्या शिवणी आधीच कोणीतरी उसवून सैल केल्यात. मी आईला विचारलं. तुझी उमेदवारी दादाच्या वेळी सुटली आणि तुलाही कोणीतरी छातीठोकपणे तेच सांगितलं होतं म्हणे. मावशी, बोलली का नाहीस गं कधी?

ता. क. २. आता मुद्द्याचं. माझ्या रजेपुरतं साहेबांना माणूस हवंय. जुनी अर्धवट उमेदवारी पुढे चालू करता येते का, ते मी त्यांना पुस्तकात बघायला लावलं. येते. मी तुझं नाव सांगून मोकळी झाले. सोमवारी सकाळी साहेब वाट बघतील. दादा आता दाढी करतो, त्याला सांभाळायची सबब चालणार नाही. गुडघ्याचीही नाही, उशी आहे. हरकतवाल्यांनाही विचारून ठेवलंय. खूप विचार केला त्यांनी, पण त्यांनाही हरकत सापडली नाही.